गिधाडं ४५ हजार, रानपिंगळे हजाराच्या आत. मग जास्त धोका कुणाला? लाल यादीचं गणित

२००७ च्या मोजणीवरून भारतात लांब चोचीची गिधाडं साधारण ४५ हजार उरली असावीत असा अंदाज निघाला. सातपुड्यातल्या रानपिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची, प्रौढ संख्या हजाराच्या आत धरली जाते. तरीही जागतिक लाल यादीत हे गिधाड 'अतिसंकटग्रस्त' आहे आणि रानपिंगळा त्याच्या एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'. पहिल्यांदा वाचणाऱ्याला यादी उलटी छापली गेली की काय असं वाटतं. ती बरोबर आहे. प्रजाती किती दुर्मीळ आहे हा या यादीचा मुख्य प्रश्न नाही. ती संपण्याच्या दिशेने किती वेगाने निघाली आहे आणि एखादा फटका बसला तर सावरायला तिच्याकडे किती जागा आहे, हे यादी विचारते.

ही यादी आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९६४ पासून ठेवते. सुरुवातीची तीस वर्षं कोणती प्रजाती कुठल्या पायरीवर हे जाणकारांच्या मतावर ठरत असे. एकाच प्राण्याबद्दल दोन जाणकार दोन मतं देत आणि कोणाचं बरोबर हे तपासायला काही साधन नसे. १९९४ मध्ये आकड्यांवर चालणारे निकष आले, २००१ मध्ये ते सुधारले, आणि आजही तेच वापरात आहेत. आता १ लाख ७० हजारांहून अधिक प्रजातींचं मूल्यांकन झालंय आणि त्यातल्या ४८ हजारांहून अधिक धोक्यात आहेत.

पायऱ्या अशा: सगळ्यात खाली 'किमान चिंता', मग 'संकटसमीप'. त्यानंतर धोक्यातल्या तीन पायऱ्या: 'असुरक्षित', 'संकटग्रस्त', 'अतिसंकटग्रस्त'. वर 'वन्य अवस्थेत नामशेष', म्हणजे फक्त पिंजऱ्यात, बागेत किंवा लागवडीत उरलेली, आणि शेवटी 'नामशेष'. याशिवाय दोन कप्पे शिडीच्या बाहेर आहेत: 'अपुरी माहिती' आणि 'मूल्यांकन न झालेली'. बातम्यांमध्ये 'अपुरी माहिती'चा अर्थ बरेचदा 'काळजी नाही' असा लावला जातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की हातातल्या माहितीवरून ती प्रजाती सुखरूपही असू शकते आणि शेवटचे आचके देत असलेलीही असू शकते.

धोक्यातल्या तीन पायऱ्यांसाठी ए ते ई असे पाच निकष आहेत. प्रत्येक प्रजाती पाचही निकषांना लावून बघायची आणि ज्या निकषावर सगळ्यात वरची पायरी निघेल तीच तिची. सरासरी काढायची नाही. चार निकषांवर प्रजाती ठीक दिसली आणि पाचव्यावर अतिसंकटग्रस्त निघाली, तर ती अतिसंकटग्रस्त.

घट: निकष ए

गिधाडं इथं अडकली. भारतात ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीने जात गिधाडं मोजण्याचं काम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झालं होतं. पुढे त्याच मार्गांवर पुन्हा पुन्हा मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची मिळून ९६.८ टक्के. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक हे त्याचं कारण असल्याचं २००४ मध्ये सिद्ध झालं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकाहून कमी जनावरात पुरेसं औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, हे गणिताने दाखवलं गेलं. म्हणून ४५ हजार हा आकडा दिलासा देत नाही. आधी किती होती आणि किती वर्षांत गेली, हे निकष ए बघतो.

मर्यादा अशी: गेल्या १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, ८० टक्के घट झाली तर अतिसंकटग्रस्त, ५० टक्के तर संकटग्रस्त, ३० टक्के तर असुरक्षित. घटीचं कारण समजलेलं असेल, उलटवता येण्यासारखं असेल आणि पूर्ण थांबलेलं असेल, तर मर्यादा सैल होतात: ९०, ७० आणि ५० टक्के. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, आणि गिधाडांना तितकीच घातक इतर औषधंही बाजारात होती. मोठ्या कुप्यांवर २०१५ मध्ये, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकच्या पशुवापरावर २०२३ मध्ये बंदी आली. अशा परिस्थितीत 'कारण थांबलं' असं लिहिता येत नाही.

पिढीची लांबी म्हणजे पहिल्या विणीचं वय असं अनेक जण धरतात. ते चूक आहे. पिढीची लांबी म्हणजे आज जन्मलेल्या पिल्लांच्या आईबापांचं सरासरी वय. आशियाई हत्तीची पिढी २० ते २५ वर्षांची धरली जाते, म्हणजे घट ६० ते ७५ वर्षांची बघावी लागते, आणि तेवढ्या मागचे आकडे कुणाकडेच धड नसतात. छोट्या बेडकाची पिढी दोन वर्षांची असली तर तीन पिढ्यांची सहाच वर्षं होतात, म्हणून तिथं १० वर्षं लागू.

बहुतेक वेळा आकडे नेमक्या हव्या त्या काळाचे नसतात आणि ते मागे ताणावे लागतात. गडबड इथंच होते. समजा एका माळरानी पक्ष्याची पिढी ५ वर्षांची आहे. म्हणजे बघायची मुदत १५ वर्षं, २००५ ते २०२०. हातात मोजण्या दोनच: २०१० मध्ये ४०० पक्षी, २०२० मध्ये २५०. दहा वर्षांत ३७.५ टक्के घट. आता २००५ मध्ये किती असतील? दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी घट होत होती असं धरलं, तर दर वर्षाला सुमारे ४.६ टक्के येतो, २००५ चा आकडा ५०६ निघतो आणि एकूण घट ५०.६ टक्के. पक्षी संकटग्रस्त. दरवर्षी ठरावीक नग, म्हणजे १५ पक्षी, कमी होत होते असं धरलं तर २००५ चा आकडा ४७५ आणि घट ४७.४ टक्के. पक्षी असुरक्षित. मोजणी तीच, पक्षी तेच, गृहीतक बदललं की पायरी बदलली.

कोणतं गृहीतक धरायचं हे धोक्याच्या स्वरूपावरून ठरवतात. फासेपारध करणारे तेवढेच आणि ते दरवर्षी साधारण तेवढेच पक्षी नेत असतील, तर ठरावीक नग. विष, रोग किंवा अधिवासाचा ऱ्हास उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा खात असेल, तर ठरावीक टक्के. कारण माहीत नसेल तर दोन्ही गणितं मांडून दोन्ही उत्तरं लिहायची. मूल्यांकन वाचताना आम्ही सगळ्यात आधी हे बघतो: घटीचा टक्का कुठल्या गृहीतकावर उभा आहे ते लिहिलंय का. नसेल तर त्या टक्क्यावर भार टाकू नये.

घरातली चिमणी 'नामशेष होतेय' असं दरवर्षी मार्चमध्ये वाचायला मिळतं. जागतिक यादीत ती 'किमान चिंता' आहे. तिची मुदत १० वर्षांची, पसारा अनेक खंडांचा, आणि सगळ्या जगाचा विचार केला तर दहा वर्षांत ३० टक्क्यांच्या जवळ जाणारी घट दिसत नाही. तुमच्या वाड्यातून ती गेली हे खरं असू शकतं. पण वाड्यातून जाणं आणि जगातून जाणं ही दोन वेगळी मोजमापं आहेत.

पसारा: निकष बी

वनस्पती, बेडूक, खेकडे, गोगलगायी यांची डोकी कुणी मोजत नाही. त्यांच्यासाठी निकष बी कामाला येतो, कारण तो नकाशावर चालतो.

यात दोन क्षेत्रफळं असतात. पहिलं विस्तारक्षेत्र: प्रजाती जिथं जिथं आहे ते सगळे बिंदू नकाशावर मांडायचे आणि सगळ्यात बाहेरच्या बिंदूंभोवती दोरा ताणावा तशी बाहेर फुगलेली आकृती काढायची. मधली शेतं, शहरं, धरणं वगळायची नाहीत. इथं नवखे हमखास चुकतात. राहण्याजोगी नसलेली जागा कापून टाकतात. पण एखादं वादळ, वणवा किंवा रोग एकाच वेळी सगळीकडे पोचण्याची शक्यता किती, हे या आकृतीतून बघायचं असतं. त्यामुळे बिंदू किती दूर पसरलेत हेच महत्त्वाचं. मर्यादा: १०० चौरस किलोमीटरहून कमी असेल तर अतिसंकटग्रस्त, ५,००० हून कमी तर संकटग्रस्त, २०,००० हून कमी तर असुरक्षित.

दुसरं व्याप्तक्षेत्र: नकाशावर २ किलोमीटर गुणिले २ किलोमीटर चौकटींची जाळी टाकायची आणि ज्या चौकटीत प्रजाती आहे त्या मोजून ४ ने गुणायचं. मर्यादा १०, ५०० आणि २,००० चौरस किलोमीटर. जाळीचं माप सगळ्या जगासाठी एकच का, हे पाच बिंदूंवर करून बघता येतं. एका झुडपाच्या एकमेकांपासून दूर पाच जागा माहीत आहेत. १ किलोमीटरची जाळी टाकली तर ५ चौरस किलोमीटर, अतिसंकटग्रस्ताच्या मर्यादेत. २ किलोमीटरची टाकली तर २०, संकटग्रस्ताच्या मर्यादेत. १० किलोमीटरची टाकली तर ५००, म्हणजे '५०० हून कमी' ही अट हुकली आणि असुरक्षित. जाळीचं माप बदलून कुठलीही प्रजाती हवी त्या पायरीवर बसवता येईल. म्हणून माप बदलायला परवानगी नाही.

क्षेत्र लहान असणं एवढ्याने मात्र कुणी धोक्यात येत नाही. पुढच्या तीनपैकी किमान दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: प्रजातीचे तुकडे तुकडे झालेले असणं किंवा ती मोजक्याच 'स्थळां'वर असणं (अतिसंकटग्रस्तासाठी १, संकटग्रस्तासाठी ५ पर्यंत, असुरक्षितासाठी १० पर्यंत), सतत होत असलेली घट, आणि संख्येत टोकाचे चढउतार.

यातला 'स्थळ' हा शब्द फार दगा देतो. स्थळ म्हणजे गाव नव्हे, घाट नव्हे, संग्रहातल्या चिठ्ठीवरचं नाव नव्हे. एकच घटना ज्या क्षेत्रातले सगळे जीव झटक्यात संकटात आणू शकते ते एक स्थळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवर, उगवणारी एखादी छोटी वनस्पती सहा सड्यांवर आहे असं समजा. धोका जांभा दगडाच्या खाणीचा आहे आणि प्रत्येक सड्याचा परवाना वेगळा आहे, तर सहा स्थळं. त्यातल्या चार सड्यांवर एकच मोठा प्रकल्प येणार असेल, तर तीनच स्थळं. म्हणजे धोका कोणता हे ठरवल्याशिवाय स्थळं मोजताच येत नाहीत, आणि ज्या प्रजातीला पटण्याजोगा धोकाच दिसत नाही तिची स्थळं मोजायची नसतात.

'सतत घट' या अटीतही लबाडी नसली तरी आळस भरपूर शिरतो. 'अधिवासाचा दर्जा खालावतो आहे' एवढं वाक्य टाकून मोकळं होता येत नाही. काय खालावतंय, कशामुळे, कुठल्या जागांवर आणि त्या बदलाचा या प्रजातीला त्रास होतो हे कशावरून, ते लिहावं लागतं. गुरं चरणं बंद केल्यावर उंच गवत माजून सड्यावरची ठेंगणी फुलझाडं मागे पडू शकतात. तिथं 'चराई हा धोका' असं सवयीने लिहिलं तर निष्कर्ष उलटाच निघतो.

चढउतारांचं उदाहरण म्हणून सह्याद्रीतली कारवी घ्या. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि बी धरून मरून जाते. त्यानंतरच्या पावसाळ्यात गेलेल्या माणसाला डोंगर रिकामा दिसेल आणि तो '१०० टक्के घट' लिहील. पण समूह बियांच्या आणि रोपांच्या रूपात तिथंच असतो. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं हा चढउतार धरत नाहीत. सड्यावरच्या वर्षायू फुलांनाही हेच लागू.

संख्या: निकष सी, डी आणि ई

निकष सी म्हणजे कमी संख्या आणि सोबत घट. २५० हून कमी प्रौढ असतील तर अतिसंकटग्रस्त, २,५०० हून कमी तर संकटग्रस्त, १०,००० हून कमी तर असुरक्षित. मात्र सतत घट दाखवावीच लागते, आणि शिवाय घटीचा ठरावीक वेग किंवा संख्येची विशिष्ट विभागणीही. माळढोक २०११ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. त्याचे प्रौढ ५० ते २४९ या पट्ट्यात धरले जातात आणि त्यातले बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात. ९० टक्क्यांहून अधिक प्रौढ एकाच उपसमूहात असतील तर एक साथ किंवा एका भागातल्या वीजवाहक तारा जवळजवळ सगळा पक्षी घेऊन जाऊ शकतात. विभागणीची अट त्यासाठीच आहे. मादी एका वेळी सहसा एकच अंडं घालते, त्यामुळे तारेवर आदळून मेलेल्या एका प्रौढाची भरपाई व्हायला वर्षं जातात.

इथं 'प्रौढ' म्हणजे प्रत्यक्ष वीण करू शकणारा जीव. कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपलेले सगळे नव्हेत. बछडे नाहीत, जोडीदार नसल्याने कधीच विणणार नाहीत असे एकांडे नर नाहीत. एकूण संख्या निकषात घातली तर धोका कमी दिसतो.

निकष डी मुख्यतः संख्येवर चालतो: ५०, २५० आणि १,००० हून कमी प्रौढ. घट नसली तरी चालतं. निकष ई मध्ये नामशेष होण्याची शक्यता थेट गणिताने काढतात, पण जन्मदर, मृत्युदर, त्यांतले वर्षावर्षाचे फरक इतकी माहिती फार थोड्या प्रजातींची असते. तो क्वचितच वापरला जातो.

पायरी बदलते तेव्हा

वर चढवायची तर लगेच. खाली आणायची तर वरच्या पायरीचा एकही निकष सलग पाच वर्षं लागू नसला पाहिजे. ही असमानता मुद्दाम ठेवलेली आहे, एका चांगल्या विणीच्या हंगामावर कुणी हुरळून जाऊ नये म्हणून.

पायरी बदलण्याची दोन कारणं असतात आणि ती वेगवेगळी नोंदवावी लागतात: प्रजातीची स्थिती खरोखर बदलली, किंवा आपली माहिती बदलली. रानपिंगळा २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्तवर आला, तो वाढला म्हणून नव्हे. मेळघाट, यावल, तानसा, गुजरातेतलं डांग अशा जागांवर तो असल्याचं कळत गेलं म्हणून. त्याची झाडं तुटणं थांबलेलं नाही. 'रानपिंगळ्याला जीवदान' असा मथळा तेव्हा चूक ठरतो.

याच पक्ष्याने 'नामशेष' म्हणण्याची घाई किती महाग पडते हेही दाखवलं. १८८४ नंतर त्याचा पक्का पुरावा नव्हता. दरम्यान रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळाल्याचं नोंदवलं होतं, आणि पुढचे शोध त्या नोंदीने भरकटले. तो नमुना खानदेशातल्या जुन्या नमुन्यांपैकी एक, चोरून नव्या चिठ्ठीने मांडलेला, असं पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांच्या तपासात निघालं. खोटी नोंद बाजूला करून जुन्या खऱ्या जागांकडे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो सापडला, ११३ वर्षांनी. म्हणून 'नामशेष' लिहिण्याआधी योग्य अधिवासात, योग्य ऋतूत, दिवसाच्या योग्य वेळी आणि प्रजातीच्या आयुष्यमानाला पुरेल इतका काळ शोध झाला का, हे बघतात. तेवढ्याने खात्री नसेल तर 'अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष' असा शेरा देतात.

एखाद्या देशातून किंवा राज्यातून प्रजाती जाणं वेगळं. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष जाहीर झाला, जगाच्या यादीत तो असुरक्षित आहे. राज्यापुरतं मूल्यांकन करता येतं, पण मर्यादा त्याच लावून एक जास्तीचं पाऊल घ्यावं लागतं: शेजारून जीव येऊन भर पडत असेल तर पायरी खाली आणायची. ते पाऊल गाळलं की काय होतं हे गोव्यावरून दिसतं. गोव्याचं क्षेत्रफळच ३,७०२ चौरस किलोमीटर. तिथल्या प्रत्येक प्रजातीचं गोव्यातलं विस्तारक्षेत्र आपोआप ५,००० च्या खाली भरतं, मग ती सीमेपलीकडे दोडामार्गात आणि कारवारात भरपूर का असेना.

वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या अनुसूची आणि ही यादी यांची गल्लत नेहमी होते. मोर अनुसूची १ मध्ये आहे आणि लाल यादीत 'किमान चिंता'. कायदा शिकारीला आणि व्यापाराला काय शिक्षा हे सांगतो. यादीला कायद्याचं बळ नाही.

मूल्यांकन कुणीही लिहू शकतं, पण ते प्रसिद्ध होण्याआधी त्या गटाचं तज्ज्ञमंडळ (पक्ष्यांसाठी बर्डलाइफ इंटरनॅशनल) आणि ते लिहिण्यात सहभागी नसलेला किमान एक परीक्षक ते तपासतो. दहा वर्षांहून जुनं झालेलं मूल्यांकन 'अद्ययावत करणे आवश्यक' असं दाखवलं जातं. प्रजातीचं पान उघडलं की पायरीच्या नावाशेजारी छोटी अक्षरं आणि आकडे दिसतात, ते आधी वाचावेत. ए असेल तर घट, बी असेल तर पसारा. त्यामागचं लहान अक्षर पुरावा सांगतं: निकष ए मध्ये लहान ए म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, बी म्हणजे गिधाडांच्या रस्तामोजणीसारखा निर्देशांक, सी म्हणजे अधिवासावरून काढलेला अंदाज, डी म्हणजे शिकार किंवा पकड, ई म्हणजे रोग, प्रदूषण, बाहेरून आलेल्या प्रजाती.

या सगळ्या गणिताला लागणारा कच्चा माल हौशी निरीक्षकांच्या वह्यांतून येतो, आणि त्यात एक रकाना जवळजवळ नेहमी रिकामा असतो. कुठं काय दिसलं हे सगळे लिहितात. निरीक्षक दुप्पट झाले की नोंदी दुप्पट होतात आणि पक्षी वाढल्याचा भास होतो. तो भास काढायला तारीख, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, चाललेलं अंतर, किती जण होते, दिसलेल्यांत प्रौढ किती, एवढं लागतं. आणि ज्या दिवशी सड्यावर तीन तास फिरून ते फूल कुठंच मिळालं नाही, त्या दिवसाची नोंदही: जागा, वेळ, 'शोधलं, नाही'.